ऐनवेळी जमत नाही म्हणून आधीचा सराव: ख्रिस्ती जीवनातली आध्यात्मिक शिस्त

वधस्तंभाच्या आदल्या रात्रीच्या शेवटच्या भोजनानंतर शिष्य पेत्राने येशूला सांगितले, बाकीचे सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. वेळ आली तर तुझ्याबरोबर मरेन. तो मनापासून बोलत होता. पण गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत असताना त्याला तासभर जागे राहता आले नाही, आणि कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा सांगितले की, मी त्या माणसाला ओळखत नाही. मत्तयाच्या २६ व्या अध्यायात हे सारे एकाच रात्रीत घडते. झोपलेल्या शिष्यांना येशू म्हणतो की आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. त्यावर तो आणखी मोठी शपथ घ्यायला सांगत नाही. जागे राहा आणि प्रार्थना करा, एवढेच सांगतो.

आध्यात्मिक शिस्त म्हणजे काय, हे समजायला हा अध्याय पुरेसा आहे. काही गोष्टी ऐनवेळी नुसत्या इच्छेने होत नाहीत. वडिलोपार्जित जागेच्या कागदांवर सही करायला भाऊ नकार देतो, त्या क्षणी क्षमा हवी तेव्हा आतून काढता येत नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर अपमान झाला की जीभ आवरायची असते हे माहीत असते, तरी ती सुटते. त्या क्षणावर आपला ताबा फारच थोडा. ताबा असतो तो आधीच्या तासांवर आणि आधीच्या महिन्यांवर: सकाळची पंधरा मिनिटे कुठे गेली, आठवड्यातून एकदा पोटाला नाही म्हटले का, ज्याचा राग येतो त्याचे नाव रोज देवापुढे घेतले का. जे थेट जमत नाही, ते आडवाटेने जमू लागावे म्हणून जे जमते ते नेमाने करणे, याला आध्यात्मिक शिस्त म्हणतात.

इथे पुष्कळ विश्वासणारे अडखळतात. तारण कृपेने होते, कर्मांनी नाही; मग नेम कशाला? इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवे आणि नववे वचन तारण हे देवाचे दान आहे असे सांगते, आणि लगेच दहावे वचन सांगते की सत्कृत्ये करण्यासाठी आपण ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आहोत. तिन्ही वचने एका दमात वाचावीत. नेमाने देवाचे प्रेम मिळत नाही, कारण ते आधीच मिळालेले आहे. नेमाने आपण बदलायला मोकळे होतो. बदल घडवतो तो देव. फिलिप्पैकरांस पत्रात (२:१२-१३) प्रेषित पौल एकाच वाक्यात म्हणतो की आपले तारण साधून घ्या, आणि तुमच्यात कार्य करणारा देव आहे. त्याला यात विरोध दिसला नाही. तीमथ्याला लिहिताना तर तो कसरतीचाच दाखला देतो. पुण्याच्या पेठांत जुन्या तालमी आहेत, तिथल्या कोणालाही विचारा: जोर-बैठका म्हणजे कुस्ती नव्हे. जोर किती मारले यावर आखाड्यात गुण मिळत नाहीत. पण जोर न मारता आखाड्यात उतरलेला माणूस पहिल्या पकडीत खाली जातो. नेमाला एवढेच महत्त्व आहे, आणि एवढेच द्यावे.

रोजची पंधरा मिनिटे

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशूचा कफर्णहूम गावातला एक शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस, आहे. सभास्थानात शिक्षण, अशुद्ध आत्मा लागलेला माणूस, पेत्राची सासू तापाने पडलेली, आणि सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो (१:३५). शिमोन, म्हणजे पेत्र, शोधत येतो, सगळे तुला शोधत आहेत म्हणतो, आणि येशू उत्तर देतो की आपण दुसऱ्या गावांत जाऊ. प्रार्थनेतून तो लोकांच्या मागणीपेक्षा वेगळा निर्णय घेऊन उठला. प्रार्थनेची वेळ दिवसाच्या कामातून चोरलेली असते असे वाटते. या प्रसंगात दिवसाचे काम तिथेच ठरले आहे.

सुरुवात करणाऱ्याने पंधरा मिनिटे ठरवावीत. तास ठरवू नये. आठवड्यात मोडतो, आणि मोडल्याची खंत महिनाभर पुरते. पहिली दोन मिनिटे नुसते गप्प बसावे, श्वास संथ होऊ द्यावा. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र मोठ्याने वाचावे. आवाज काढून वाचले की डुलकी आणि भटकणे दोन्ही कमी होतात. नंतर शुभवर्तमानातला, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांतला, दहा ते पंधरा वचनांचा उतारा दोनदा वाचावा. उरलेली पाच-सहा मिनिटे देवाशी बोलण्यासाठी: आधी आभार, मग कबुली, मग मागणे, आणि मागण्यात आपल्याआधी इतरांची नावे. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना सावकाश.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज नक्की होणाऱ्या गोष्टीला बांधणे टिकाऊ. सकाळच्या चहानंतर, नळाचे पाणी भरून झाल्यावर, मुलांची स्कूलबस गेल्यावर. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीत फिरती पाळी असणाऱ्यांसाठी तर ‘सकाळी सहा’ हा नेमच होऊ शकत नाही; त्यांनी ‘उठल्यानंतर, फोन हातात घेण्याआधी’ असे ठरवावे, मग उठणे दुपारी दोनला असो. जागाही एकच असावी. दोन खोल्यांत सहा माणसे असतील तर गच्ची, जिना, बाल्कनीतली एक खुर्ची, किंवा कामावर जाताना वाटेत लागणारे चर्च. नाना पेठेतल्या सिटी चर्चसारख्या जुन्या देवळांत मिस्सा (कॅथोलिक उपासना) नसताना दहा मिनिटे नुसते बसणारी माणसे कायम असतात, आणि ती वेळ वाया गेलेली नसते.

सर्वांत मोठा अडथळा हल्ली एकच आहे. बायबल फोनवर असते, आणि फोनवर बाकी सगळेही असते. स्तोत्राच्या तिसऱ्या वचनावर हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपमधला पाण्याच्या टँकरचा वाद वर येतो. छापील बायबल घ्या. निदान फोन विमान मोडवर टाका. मन भटकले तर स्वतःवर चिडू नये. ज्याची आठवण आली ते, म्हणजे गॅसचे बुकिंग किंवा विजेचे बिल, शेजारच्या कागदावर लिहून टाकावे आणि परत यावे. परत येणे हीच त्या वेळची प्रार्थना असते.

तयार प्रार्थना म्हणाव्यात की आपल्या शब्दांत, यावरून चर्चाचर्चांत मतभेद आहेत. आमच्या मते दोन्ही लागतात. नुसत्या उत्स्फूर्त प्रार्थनेचे काही दिवसांत ठरावीक वाक्यांचे चक्र बनते, आणि दुःखात तर शब्दच सुचत नाहीत. तेव्हा स्तोत्रे हात देतात. १३ वे स्तोत्र ‘किती वेळ’ असे देवाला चार वेळा विचारते. ८८ वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. रागावलेले, थकलेले, तक्रार करणारे बोलणे देवापुढे चालते, हे ही दोन स्तोत्रे शिकवतात. स्तोत्रे १५० आहेत. रोज पाच वाचली तर महिन्यात पूर्ण होतात. फक्त ११९ व्याला, त्याच्या १७६ वचनांमुळे, वेगळा दिवस द्यावा.

वाचन, आणि वाचनानंतरचे थांबणे

प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत: जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. कॅथोलिक बायबलात जुन्या कराराची पुस्तके जास्त असल्याने आकडा वाढतो. वर्षात सगळे वाचायचे तर सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय पुरतात. एक जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक जण महिनाअखेरीला लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या होमबलीच्या नियमांपाशी येऊन थांबतात, आणि ‘बायबल आपल्याला जमत नाही’ असे ठरवून मोकळे होतात. चूक माणसाची नसते, क्रमाची असते. पहिल्या वर्षी नुसता नवा करार घ्या: आठवड्याला पाच अध्याय, ५२ आठवडे, बरोबर २६०. दोन दिवस मोकळे राहतात, राहिलेले भरून काढायला. सुरुवात मार्कापासून, १६ अध्याय आहेत आणि कथा वेगाने पुढे जाते.

पण भरभर वाचणे आणि मनन या वेगळ्या गोष्टी आहेत. बाराव्या शतकात कार्थुसियन नावाच्या संन्यासी संघातल्या ग्विगो या मठवासीयाने मननपूर्वक वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवाच्या सान्निध्यात स्वस्थ राहणे. एका उताऱ्यावर करून पाहू. मार्क १०:४६-५२, यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय, सातच वचने. आधी सावकाश वाचा आणि जे आहे तेच पाहा: तो रस्त्याच्या कडेला बसला आहे, लोक त्याला गप्प करतात, तो अधिक मोठ्याने ओरडतो, येशू थांबतो, बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून येतो. मग ज्या शब्दावर मन अडकते तिथे थांबा. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? आंधळा माणूस समोर आहे, त्याला काय हवे हे उघड आहे, तरी तो विचारतो. का विचारतो, आणि हाच प्रश्न मला विचारला तर मी काय सांगेन, हे मनन. ते उत्तर देवाला देणे ही प्रार्थना. आणि उत्तर दिल्यावर दोन-तीन मिनिटे काहीही न मागता बसणे ही चौथी पायरी. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, कारण तिथे काही ‘होत’ नाही.

डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते आजचे वचन मानायचे, ही सवय सोडावी. वचन अध्यायात राहते, अध्याय पुस्तकात. सुटे काढले की आपल्याला हवे तेच ते बोलू लागते.

पाठांतर हल्ली मागे पडले आहे, आणि त्याचे वाईट वाटते. पुण्यात अर्धे शहर दुचाकीवर असते. दुचाकीवर वाचता येत नाही, डोळे मिटता येत नाहीत. पण २३ वे स्तोत्र सहा वचनांचे आहे. रोज एक वचन पाठ केले तर सहा दिवसांत सिग्नलवर उभे असताना मनात म्हणता येते. मराठी ख्रिस्ती घरांत हे काम पूर्वी गाण्यांनी केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आणि पदे मंडळीच्या तोंडी बसली ती अर्थासकट. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीकडेही म्हणायला दहा पदे असायची.

या बाबतीत पुण्याजवळचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायचे काम हाती घेतले. ऐकू कमी येत होते, शेकडो मुली-बायकांचा संसार डोक्यावर होता, तरी वर्षानुवर्षे त्या रोज या कामाला बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. त्याच मुक्तीमध्ये १९०५ च्या जूनअखेरीस मोठी आत्मिक जागृती झाली. तिची आठवण सगळे काढतात. त्याआधीच्या महिन्यांत तिथल्या मुली रोज गटाने प्रार्थनेला बसत होत्या, हे मात्र सांगायचे राहून जाते.

उपास

येशूने ‘तू उपास करतोस तेव्हा’ असे म्हटले, ‘केलास तर’ असे नाही (मत्तय ६). त्याच अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास हे तिन्ही एकापाठोपाठ येतात, आणि तिन्हींना एकच अट: लोकांना दाखवायला नको. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत, हे ‘दिदाखे’ या अगदी जुन्या शिकवणग्रंथावरून कळते.

महाराष्ट्रात उपास म्हटले की साबुदाणा, वरी, रताळे डोळ्यांपुढे येतात. काय चालते आणि काय नाही याची यादी असते. ख्रिस्ती उपासात अशी यादी मुळात नाही. तो कमी खाण्याचा किंवा न खाण्याचा आहे. म्हणून भात सोडून खिचडी भरपेट खाल्ली तर ख्रिस्ती अर्थाने उपास झाला नाही. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळातल्या आपल्या मासळीच्या ताटालाही तितकीच लागू आहे.

कॅथोलिक नियम स्पष्ट आहे: राखेच्या बुधवारी (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, दिवसात एक पूर्ण जेवण, शिवाय दोन वेळा थोडेसे, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होता कामा नये. मांसवर्ज्याचा नियम १४ वर्षांपासून. उपवासकाळ ४० दिवसांचा म्हणतात, पण राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा असा बांधील नियम नसतो. पाळक आवाहन करतात, दिवस आणि पद्धत माणूस ठरवतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने एक जेवण सोडावे, दुपारचे. पाणी भरपूर प्यावे. रोज तीन-चार चहा पिणाऱ्याने चहा एकदम तोडला तर दुपारी डोके दुखते; ते कॅफिन तुटल्याचे असते, सैतानाचे नाही. एक कप ठेवावा, किंवा आधीचे तीन-चार दिवस चहा कमी करत आणावा. जेवणाची जी अर्ध्या तासाची वेळ वाचते ती प्रार्थनेला द्यावी. ती मोबाइलवर गेली तर ते नुसते डाएटिंग झाले. वाचलेले पैसे त्याच दिवशी बाजूला काढून भुकेल्याला पोचवावेत. यशयाचा ५८ वा अध्याय यावर फार कडक आहे: उपासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेता, भांडता, आणि देवाने दखल घ्यावी म्हणता? घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार थकवून केलेला उपास देवापुढे उभा राहत नाही. उपास सोडताना वडापाव नको. पेज, मऊ भात, फळ असे हलके काही घ्यावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मूत्रपिंडाचे रुग्ण, लहान मुले, आणि खाण्याशी ज्यांचे नाते एकदा बिघडले आहे असे तरुण-तरुणी, यांनी अन्नाचा उपास करू नये. ‘विश्वासाने गोळी सोडली’ हे ऐकायला तेजस्वी वाटते. रक्तातली साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. यांच्यासाठी वेगळा उपास आहे: आठवडाभर मालिका नाही, ऑनलाइन खरेदी नाही, दुसऱ्याविषयी मागे बोलणे नाही. शेवटचा तर भल्याभल्यांना दुपारपर्यंत टिकत नाही.

उपासात काय होते, हेही माहीत असावे. पहिल्या काही तासांत चिडचिड वर येते. ती उपासाने तयार केलेली नसते. आधीपासून होती, जेवणाने झाकलेली. तीच पाहायची असते. मुलावर ओरडलो, हे कळले की उपासाने आपले काम केले.

दिवसाचा आढावा

इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली ही पद्धत आजही येशूसंघीय (जेझुइट), म्हणजे त्यांनी स्थापलेल्या संघाचे धर्मबंधू, रोज पाळतात; पुण्यात नगर रोडवरच्या डी नोबिली कॉलेजात शिकणाऱ्या तरुण येशूसंघीयांच्या घडणीचा ती भाग असते. पण ती मठापुरती नाही. दहा मिनिटे लागतात, झोपण्याआधी, अंथरुणात न शिरता, बसून.

पहिल्यांदा आजच्या दिवसातल्या दोन-तीन नेमक्या गोष्टींसाठी आभार. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ असे नको. ‘मीटिंगनंतर सहकाऱ्याने चहा आणून दिला’ असे. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, कारण स्वतःला स्वतः तपासले की आपण एकतर वकील होतो किंवा फौजदार. तिसरी पायरी सर्वांत लांब: सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. कुठे मन मोकळे झाले, कुठे आकसले? कोणाचा फोन मुद्दाम उचलला नाही? चौथी, जिथे चुकले तिथे क्षमा मागायची, गोलमाल शब्दांत न मागता: ‘मी तिला सगळ्यांसमोर टाकून बोललो.’ पाचवी, उद्याच्या एका गोष्टीसाठी मदत मागायची. एकाच.

दोन आठवडे केले की एक नमुना दिसू लागतो. तीच वेळ, तीच व्यक्ती, तोच विषय. अमुक माणसाशी बोलल्यावर आपण दर वेळी खोटे बोलतो, किंवा रात्री अकरानंतर हातात फोन असला की पडतो. प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे फादरांपुढे पापे कबूल करायला, जाणाऱ्यांना हा आढावा फार उपयोगी पडतो. ‘फादर, नेहमीचीच पापे’ असे म्हणायची वेळ येत नाही.

दान, विश्रांती, शांतता

दान पगाराच्या दिवशीच बाजूला काढावे. महिनाअखेरीला उरत नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हातात येणाऱ्या रकमेवर की कपातीआधीच्या, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कर्जाच्या हप्त्यात बुडालेल्याने दोन टक्क्यांपासून सुरू करावे, पण ते नियमित द्यावे. मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते चर्चच्या कामाला जातात. पैसा नसलेल्या घरातही द्यायला काही असते.

विश्रांतीचा दिवस शक्यतो रविवार. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यांनी रविवारची उपासना पाळीच्या आधी किंवा नंतर गाठावी आणि गुरुवारी काम थांबवावे. घरात एकाची विश्रांती म्हणजे दुसरीला चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक, असे असेल तर तो शब्बाथ नाही. आदल्या दिवशी दोघांनी मिळून तयारी करावी.

शांततेसाठी वर्षातून एक दिवस तरी शहराबाहेर किंवा एखाद्या आश्रमात जावे. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९२० च्या दशकापासूनचा, जॅक विन्स्लो यांच्या प्रयत्नातून उभा राहिलेला. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करून विचारावे, आणि गेल्यावर पुस्तकांची चळत नेऊ नये.

काय बिघडते

अहंकार सर्वांत आधी शिरतो. लूकच्या १८ व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि दशांश देत होता. नेम खोटा नव्हता. शेजारी प्रार्थना करणाऱ्या, लोकांनी पापी मानलेल्या जकातदाराकडे पाहण्याची नजर बिघडली होती. मंडळीत कोण उशिरा आले, कोण प्रार्थनासभेला नव्हते, याची आपण मनात नोंद ठेवू लागलो तर नेम उलटा पडला आहे.

दुसरे बिघडणे याच्या विरुद्ध आणि अधिक वेदनेचे: संशयाचा आजार. प्रार्थना नीट झाली का, पाप पूर्ण सांगितले का, पुन्हा सांगू का? इग्नाशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे यात इतके अडकले की, सुटका व्हावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्नपाणी सोडले. त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूंनी उपास सोडायची आज्ञा केली, आणि त्यांनी ती मानली. असा त्रास होणाऱ्याने नेम वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. एकाच शहाण्या माणसाचे ऐकायचे. हात पुन्हा पुन्हा धुणे, झोप उडणे, जगणे नको वाटणे अशी लक्षणे असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्याने विश्वास कमी होत नाही.

तिसरे म्हणजे कंटाळा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने त्याचे वर्णन केले आहे: दुपारी सूर्य सरकतच नाही असे वाटते, खोपटे नकोसे होते, दुसरीकडे गेलो तर बरे जमेल असे मन सांगते. आज तेच मन चर्च बदलायला, नवे अ‍ॅप घ्यायला, नव्या उपदेशकाचे व्हिडिओ पाहायला सांगते. वाळवंटातल्या साधूंचा उपाय एकच होता: जागा सोडू नका. कोरड्या काळात नेम लहान करा, पण ठिकाण आणि वेळ बदलू नका.

घरातल्या प्रार्थनेत वेगळीच गोष्ट बिघडते. वडील प्रार्थनेच्या नावाखाली मुलांना झापतात: ‘प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, परीक्षेत काय दिवे लावले ते तू पाहिलेस.’ मुले डोळे मिटून सगळे ऐकतात आणि सोळाव्या वर्षी प्रार्थनेला बसायचे सोडतात. कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची असावी: एक गीत, सात-आठ वचने, प्रत्येकाचे एक वाक्य. लहान मुलाने कुत्र्यासाठी प्रार्थना केली तर आमेन म्हणावे.

आणि नेम मोडतो. पाहुणे येतात, ताप येतो, गणपतीत रात्रभर ढोल वाजतात, सकाळी जाग येत नाही. तेव्हा थकबाकी भरायची नाही. चुकलेले नऊ अध्याय एका रात्रीत वाचायला बसणारा माणूस दहाव्या दिवशी सगळेच सोडतो. आजच्या तारखेपासून पुढे जावे. लागोपाठ तीन आठवडे मोडत असेल तर नेम मोठा आहे, अर्धा करावा.

एकट्याने हे फार काळ निभत नाही. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात लोकांना लहान गटांत बसवले, दर आठवड्याला एकमेकांना सरळ प्रश्न विचारायला. आज दोघे-तिघे पुरेत. महिन्यातून दोनदा, चहावर, तीन प्रश्न: नेम झाला का, कुठे पडलास, घरचे काय म्हणतात?

तिसरा प्रश्न सोडू नये. गलतीकरांस पत्रात आत्म्याचे फळ नऊ शब्दांत सांगितले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, दयाळूपणा, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातले एकही वाचलेल्या अध्यायांत मोजता येत नाही, पण बायकोला, सासूला, ऑफिसातल्या शिपायाला विचारले तर सहा महिन्यांत फरक पडला की नाही ते सांगतात. वर्ष झाले, अध्याय सगळे झाले, आणि घरच्यांना आपली भीती पूर्वीइतकीच वाटते, तर पाळकांशी किंवा फादरांशी बसून नेम मुळापासून पाहावा.

आयुष्याच्या टप्प्यांप्रमाणे नेम बदलतो, हे आधीच मान्य करून टाकावे. तान्हे बाळ असलेल्या आईला सकाळची शांत पंधरा मिनिटे मिळणारच नाहीत. दर वेळी पाजताना स्तोत्रातले एक वचन, एवढा नेम तिला पुरे. रात्रपाळीच्या नर्सने वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी मनात एकेक नाव घ्यावे. मोतीबिंदूमुळे वाचता न येणाऱ्या आजोबांना नातवाने रोज एक अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा किंवा ध्वनिमुद्रित बायबल लावून द्यावे, आणि मंडळीतल्या आजाऱ्यांच्या नावांची यादी त्यांच्याकडे सोपवावी. त्यांच्याकडे वेळ आहे, आणि नावे घेणारे कोणीतरी हवेच असते. यादी दर रविवारी बदलून त्यांच्यापर्यंत पोचते ना, एवढे पाळकांनी पाहावे.